ब्लॅकहेड पिळायला शिकवताय, पण कुठे हात लावायचा नाही ते कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या महिला पुरवणीत परवा ब्लॅकहेड घरच्या घरी काढून पार्लरचा खर्च वाचवण्याबद्दल मजकूर आला होता, सोबत फोटोत एक पोरगी आरशासमोर उभी राहून दोन्ही नखांनी नाक दाबतेय. खर्च वाचवा, त्याला माझी ना नाही. माझ्या पोटावर पाय आला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, थोडा आलाच म्हणा, पण ते सोडा. त्या मजकुरात वाफ घ्या, दाबा, लिंबू चोळा एवढंच होतं, आणि कशाला दाबायचं नि कशाला बोटही लावायचं नाही याबद्दल एक ओळ नव्हती. पेपरात छापलं म्हणजे खरंच असणार, असं मानणाऱ्या घरांतूनच माझ्या गिऱ्हाइकी येतात, म्हणून लिहिणं भाग आहे.

मी मोर्शी तालुक्यात पार्लर चालवते. आयटीआयला बेसिक कॉस्मेटॉलॉजी केलं आणि नंतर नागपूरला एका कातडीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम केलं, तिथे हे एक्सट्रॅक्शन म्हणतात ते नीट शिकायला मिळालं. गावात याला 'ब्लॅकहेड काढणं' म्हणतात आणि क्लीनअपमधला सगळ्यात फालतू भाग समजतात, पाच मिनिटांत पिनने टोचून मोकळं. खरं तर अख्ख्या क्लीनअपमध्ये डोकं लागतं ते इथेच, बाकी मसाज-पॅक कोणीही करेल.

आधी हे होतं काय ते सांगते. कातडीला जी बारीक छिद्रं असतात त्यांच्यात केसाचं मूळ असतं आणि शेजारी तेलाची गाठ. वयात येताना हार्मोन वाढले की ती गाठ जास्त तेल सोडते, त्यात आतली मेलेली कातडी चिकटते आणि तोंडाशी बोळा बसतो. आमच्याकडे संत्र्याच्या बगीच्यात ठिबकचे ड्रिपर क्षाराने चोक होतात तसंच, आणि तिथेही शहाणा शेतकरी आधी ॲसिड सोडून क्षार विरघळवतो, खिळा घालून ड्रिपर फाडत नाही. बोळ्याचं तोंड उघडं असेल तर तो ब्लॅकहेड, वरून कातडी बंद असेल तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे मळ नाही हे एकदा मोठ्या अक्षरात छापा, साहेब. तेल आणि त्यातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, हवेला लागून काळं पडतं, म्हणून घासून ते जात नाही, कितीही साबण लावा. पोरी दिवसातून चार-चार वेळा तोंड घासतात नि वरून आई म्हणते, 'तोंड धुत नाहीस म्हणून झाले.' दोन वेळा साध्या फेसवॉशने धुतलं तरी पुरे.

पुढे त्या बोळ्यामागे तेल साठतं, तिथे आपल्या कातडीवर एरवीही राहणारे जंतू वाढतात, सूज येते, मग लाल फोड, पू, आणि काहींना आत खोल दुखणाऱ्या गाठी. सगळा घोळ इथून सुरू होतो, कारण लोकांच्या लेखी ब्लॅकहेड, व्हाइटहेड, लाल फोड, पू भरलेला फोड, गाठ हे सगळं 'पिंपल' आणि पिंपल म्हणजे पिळायची गोष्ट. एक्सट्रॅक्शन फक्त पहिल्या दोघांचं होतं. त्यातही व्हाइटहेडला वरची बंद कातडी बारीक सुईने उघडावी लागते, ते डॉक्टरांचं काम, मी पार्लरमध्ये करत नाही. लाल, सुजलेल्या, दुखणाऱ्या फोडाला तर मुळीच हात लावायचा नाही. बाहेरून दाबल्यावर पू बाहेर येतो असं आपल्याला वाटतं, पण त्या छिद्राची भिंत आधीच कमजोर झालेली असते, ती आतल्या आत फुटते आणि घाण कातडीच्या खोल थरात पसरते. एक फोड होता तिथे तीन दिवसांनी सुपारीएवढी गाठ येते ती यामुळे, खड्डाही त्यामुळेच पडतो. आपल्या सावळ्या रंगाला तर फोड गेल्यावरही काळा डाग महिनोन् महिने राहतो, मग तो घालवायला अजून काहीतरी लावा.

नाकाच्या आजूबाजूला आणि वरच्या ओठावर तर अजून जपायला पाहिजे. त्या भागातल्या शिरांचा संबंध डोळ्यामागच्या, मेंदूजवळच्या शिरांशी येतो, तिथला पू फोडला तर इन्फेक्शन आत जाऊ शकतं. फार क्वचित होतं, घाबरवायचं नाहीये, पण झालं तर जिवावरचं असतं. जुन्या बायका 'नाकावरचा फोड फोडू नको' म्हणायच्या त्यात दम होता.

आणि नाकावरचे ते करडे ठिपके! निम्म्या पोरी त्यासाठीच येतात. ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच, तेल बाहेर यायची ती नेहमीची वाट आहे, सगळ्यांना असते, मलाही आहे. दाबलं की पांढरा धागा निघतो म्हणून वाटतं खूप घाण निघाली, महिन्याभरात परत भरतं. मोबाईलवर नाकावर काळी पट्टी लावून ओढायचे व्हिडिओ बघून सगळ्या पागल झाल्यात.

आता काम कसं करायचं ते. तोंड स्वच्छ धुवायचं, मग वाफ, पाच-सात मिनिटं, जास्त नाही, डोळ्यावर ओला कापूस. उन्हाळ्यात लाइन गेली की स्टीमर बंद, तेव्हा मी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल वापरते, चालतं. ज्यांच्या गालावर वांग आहे त्यांना वाफ देतच नाही, उष्णतेने वांग वाढतो. मग बोळा मऊ करायचं लोशन, आमच्याकडे सॅलिसिलिक ॲसिडवालं असतं, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत जातं. हातमोजे घालायचे, वरून भिंगाचा लॅम्प. दोन्ही तर्जन्यांना टिश्यू गुंडाळायचा, नखं लागलीच नाही पाहिजेत. बोटं ब्लॅकहेडला चिकटून नाही, थोडी लांब ठेवायची, आधी सरळ खाली दाबायचं आणि मग हळूच एकमेकांकडे आणायची, म्हणजे बोळा मुळापासून वर सरकतो. बरोबर झालं तर तो अख्खा निघतो, डोक्याला काळा आणि खाली पिवळट पांढरा, आणि मागे कातडी जेमतेम गुलाबी होते. दोनदा-तीनदा हळू करून नाही निघाला तर सोडून द्यायचा, पुढच्या वेळी. पाणी आलं किंवा रक्त दिसलं की थांबायचं, 'अजून थोडं आहे, काढून टाकू' करायचं नाही. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. कोणी तासभर पिळत बसलं तर तिथून उठून या. लूपवालं स्टीलचं रिमूव्हर वापरायचं असेल तर छिद्र बरोबर ब्लॅकहेडवर आलं पाहिजे, तिरकं ओढलं की कातडी सोलते.

नंतर थंड कापूस, अँटिसेप्टिक, साधं जेल, आणि त्या दिवशी मेकअप नाही. आमच्याकडच्या उन्हात सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर सोडत नाही. एक-दोन दिवस लाली राहू शकते, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी कोणी आलं तर मी एक्सट्रॅक्शनला सरळ नाही म्हणते, निदान आठवडा आधी या. तुळशीचं लग्न झालं की आणि परत एप्रिल-मे मध्ये रोज हीच भांडणं. 'काहून वो ताई, पैसे तं देऊन रायली नं मी.' बाई, पैसे देतेस म्हणूनच नाही म्हणते, उद्या स्टेजवर लाल चट्टे घेऊन बसलीस तर फोटोत तू दिसशील आणि नाव माझं निघेल.

हत्यारांचं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. बऱ्याच ठिकाणी एकच रिमूव्हर दिवसभर, मधे डेटॉलच्या वाटीत बुडवला की झालं. हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, डोळ्याला रक्त दिसायचीही गरज नाही. सुई एकदाच वापरायची आणि सुयांच्या डब्यात टाकायची, स्टीलचं हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या भांड्यात, १२१ अंशावर, १५ पौंड दाबाला पंधरा-वीस मिनिटं. छोटा, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या आकाराचा ऑटोक्लेव्ह मिळतो, एवढा काही महाग नाही, फेशियलचे महागडे किट घेतो आपण त्यापेक्षा हे घ्या. आणि पोरं पण सुटत नाहीत यातून. त्यांची लाज वेगळी, ते पार्लरला येत नाहीत, कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसूनच दाढीनंतर अंगठ्याने फोडून घेतात आणि वरून तुरटी, आणि तोच टॉवेल पुढच्याच्या तोंडाला.

माझ्याकडे खुर्चीवर बसवायच्या आधी मी विचारते, कोणती गोळी चालू आहे का, कोणतं क्रीम लावतेस. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर कातडी पातळ, नाजूक झालेली असते, एक्सट्रॅक्शन नाही, तोंडाला व्हॅक्स पण नाही, थ्रेडिंगने सुद्धा साल निघू शकते. शिवाय त्या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे नव्या लग्न झालेल्या पोरींना कोणी नीट सांगत नाही, मैत्रिणीला डॉक्टरने दिलेली चिठ्ठी दाखवून गोळ्या आणतात. पाळी महिनोन् महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस, जबड्याच्या कडेने फोड, अशी पोरगी आली की मी तिच्या आईला सांगते, हा हार्मोनचा घोळ असू शकतो, माझ्याकडे नको, आधी बायांच्या डॉक्टरकडे ने.

क्रीमचं तर विचारूच नका. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजची एक पोरगी आली, तोंड दुपट्ट्यात बांधलेलं, सोडलं तर गाल लालबुंद, बारीक शिरा दिसताहेत, कानशिलावर लव वाढलेली आणि एकसारखे बारीक फोड. पाहायला येणार होते म्हणून गोरं व्हायचं क्रीम लावत होती, मेडिकलमधून आणलेलं, सहा महिने. ट्यूबवर पाहिलं तर मोमेटासोन. ते स्टेरॉइड आहे. लावलं की चार दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसल्यासारखे वाटतात, आणि सोडलं की दुप्पट येतात, म्हणून बिचाऱ्या सोडत नाहीत. 'ताई, तुम्ही नाही काढून देत तं मी घरीच काढतो पिननं,' म्हणाली. पाऊण तास समजावलं तेव्हा कुठे तिच्या भावासोबत अमरावतीला कातडीच्या डॉक्टरकडे गेली. असं क्रीम आपल्या मनाने एकदम बंद केलं तरी चेहरा पेटतो, म्हणून डॉक्टरच पाहिजे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत. आता आमच्या बाजाराच्या दिवशी कोणत्याही मेडिकलच्या काउंटरसमोर पाच मिनिटं उभं राहा आणि बघा किती जणांच्या हातात चिठ्ठी आहे. तुमचे वार्ताहर सगळ्या तालुक्यांत आहेत, कापसाचा भाव विचारायला बाजारात जातातच, जाता जाता हेही पाहा की.

लिंबाचं राहिलं. आमचा पट्टा संत्र्याचा, वरुड-मोर्शीला दर दुसऱ्या घरी पत्र्यावर साली वाळत घातलेल्या असतात, त्यांची पावडर आणि वरून लिंबू हा पॅक पोरी तुमच्या पुरवणीच्या आधीपासून लावतात. चांगल्या कातडीला कधीमधी लावला तर एखादीला काही होणारही नाही. पण जाडीभरडी पावडर सुजलेल्या फोडांवर घासली की फोड सोलतात, आणि लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, ते लिंबातल्या द्रव्यावर सूर्यकिरण पडल्यामुळे होतं. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसला जातो तिथे लिंबू चोळून शेतात किंवा स्कूटीवर जायचं म्हणजे कमालच. टूथपेस्ट, खायचा सोडा, तेही तसंच.

लोक मला विचारतात, तर्री खाल्ल्याने होतात का? तर्रीवर उगाच आळ आहे. साखर, मैदा, गोड थंडपेय रोज असेल तर थोडाफार फरक पडतो असं डॉक्टर सांगतात, तिखटाचं तसं काही नाही. त्यापेक्षा कपाळावर ओघळणारं खोबरेल तेल बघा, त्याने छिद्रं बुजतात, कपाळावर बारीक दाणे येणाऱ्या निम्म्या पोरींचं कारण तेच. आणि तो दुपट्टा. उन्हापासून वाचायला बांधावाच लागतो, पण आठवडाभर न धुता घामाचा तोच कपडा गालावर घासत राहिला तर काय होणार? रोज धुतलेला सुती दुपट्टा, एवढं जरी केलं तरी उन्हाळ्यात गाल पुष्कळ शांत राहतात. वेचणीच्या दिवसांत बाया-पोरी दिवसभर कपाशीत असतात, घाम, धूळ, वरून फवारणीचं काहीबाही, त्यांनी घरी आल्यावर आधी तोंड धुवावं, मग चूल.

अजून एक, एक्सट्रॅक्शनने मुरूम बरे होत नाहीत. जे बोळे आज दिसताहेत ते निघतात, पण आत डोळ्याला न दिसणारे नवीन बनतच असतात, ते थांबवायला ॲडापलीनसारखं औषध लागतं, रात्री, पातळ थर, आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, कधी फोड वाढल्यासारखे वाटतात, नेमकं तेव्हाच लोक ट्यूब फेकून देतात. गरोदरपणात तेही लावायचं नाही. लाल फोडांना बेंझॉइल पेरॉक्साइड देतात, त्याने उशीच्या खोळीचा रंग उडतो म्हणून पांढरी खोळ घ्या, हे डॉक्टर सांगायचं विसरतात, मी सांगते. नागपूरच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर आधी काही आठवडे असं औषध द्यायचे आणि मग ब्लॅकहेड काढायला बोलवायचे, बोळे इतके सैल झालेले असायचे की बोट टेकवलं की निघायचे. पार्लर आणि डॉक्टर मिळून काम केलं तर असं होतं. आमच्या तालुक्याला कातडीचा डॉक्टर रोज बसत नाही, नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते वर एसटीचं भाडं, म्हणून सगळा भार आमच्यासारख्या पार्लरवालींवर आणि मेडिकलवाल्यावर येतो, आणि आमच्यातल्या बहुतेकींचं शिक्षण पंधरा दिवसांचा क्लास. त्यात थ्रेडिंग, मेंदी, साडी नेसवणं, हेअरस्टाइल सगळं बसवायचं, एक्सट्रॅक्शन एका दुपारी उरकतात. बचत गटाच्या बाया कर्ज काढून खुर्ची-आरसा घेतात, त्यांचा काय दोष.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की बचत गटांचे आणि आयटीआयचे जे ब्यूटीचे वर्ग चालतात तिथे एक दिवस कातडीच्या डॉक्टरला बोलवा आणि गिऱ्हाईक परत कधी पाठवायचं ते शिकवा, फोटो दाखवून. बाई, हे माझं काम नाही, असं तोंडावर म्हणायला हिंमत लागते, पुढच्या गल्लीतली पार्लरवाली दोनशे रुपयांत पिळून देणारच असते. दुसरं तुमच्यासाठी. पुरवणीत सौंदर्याचं काही छापायच्या आधी एकदा कातडीच्या डॉक्टरच्या नजरेखालून घाला, नागपूर-अमरावतीला भरपूर आहेत, पेपरला कोणी नाही म्हणणार नाही. आणि तो नखांनी नाक दाबणारा फोटो तरी पुन्हा वापरू नका.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक पार्लरवाली, ता. मोर्शी, जि. अमरावती

ता. क. : पत्र लांबलंय हे मलाही दिसतंय. जागेअभावी कापायचं झालं तर माझं आयटीआय-नागपूरचं कौतुक कापा, स्टेरॉइड क्रीमचा परिच्छेद तेवढा ठेवा.